भिकाजीकडून ओटीपी

उसाचा रस काढायच्या यंत्राला घुंगरं बांधायची कल्पना पहिल्यांदा ज्या कोणाला सुचली, त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. चार शब्द बोलायचे आहेत, आणि ते चांगले नसतील. मी राहतो मस्कतला, वादी अदाईत. माझ्या इमारतीच्या आसपास ऊस नाही, रस नाही, यंत्रही नाही. समोर उघडा डोंगर आहे आणि खाली कार धुणारं दुकान आहे. तरीही गेले कित्येक महिने ती घुंगरं माझ्या कानात वाजतायत आणि वाजली की माझं ब्लडप्रेशर चढतं. डॉक्टर म्हणतात, मीठ कमी करा. यात मिठाचा काहीही दोष नाही, पण हे त्यांना पटवून द्यायचं तर सगळी हकिकत सांगावी लागेल. ती मी इथे सांगतो. शांतपणे सांगणार होतो, पण जमेलसं वाटत नाही.

मस्कतमधल्या जवळजवळ प्रत्येक भारतीय घरात एक जुना मोबाइल असतो आणि त्यात 'इंडियाचं सिम' असतं. तो फोन कोणी वापरत नाही. त्याची काच तडकलेली असते, बॅटरी फुगलेली असते, पण घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल त्याचा मान असतो. कारण भारतातली बँक, आधार, गॅसवाले, विमावाले ही सगळी मंडळी फक्त त्या नंबराशी बोलतात. तुम्ही परदेशात राहता हे त्यांना चांगलं माहीत असतं, तरी तुमच्या परदेशातल्या नंबरवर ओटीपी पाठवणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. मग आपण इथे वाळवंटात बसून त्या सिमला रोमिंगवर जिवंत ठेवायचं, वेळेवर चार्ज करायचं, वेळेवर रिचार्ज करायचं, आणि ओटीपी आला की घरभर धावत जाऊन तो बघायचा. आमचा हा फोन स्वयंपाकघरात मिक्सरच्या भांड्यांच्या खणात असे. तिथेच रेंज येते. तो सायलेंटवर असे, कारण मला क्रेडिट कार्ड द्यायला तिकडे काही माणसं फार उतावीळ आहेत.

या नंबराचं आणखी एक महत्त्व होतं आणि माझ्या दृष्टीने तेच खरं. माझी आई, जयवंती, मिरजेत एकटी राहते. गुडघे सोडले तर ठणठणीत आहे. तिच्या मोबाइलवर माझ्या प्रेमा नावाच्या बहिणीने अगदी पहिल्या पानावर माझा मोठा फोटो लावून दिला आहे. फोटोवर बोट ठेवलं की मला फोन लागतो. मोबाइलमधलं आपल्याला एवढंच येतं असं आई सांगते आणि आम्ही ते मानून चाललो होतो. म्हणजे तो नंबर हे माझ्यापर्यंत पोचायचं आईचं एकुलतं एक बटण होतं. बँक गेली खड्ड्यात, पण ते बटण चालू राहायला हवं होतं.

ते रिचार्ज कोणी करायचं यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. एक माझं आणि एक माझ्या बायकोचं, सुचित्राचं. सुचित्रा म्हणते, "नंबर तुझा, आई तुझी, बँक तुझी. मी काय फक्त खणाची मालकीण?" मी म्हणतो, खणात असलेल्या वस्तूची जबाबदारी खणाच्या मालकिणीची. या वादात सिमने मध्येच कधीतरी प्राण सोडला. दोन-तीन शुक्रवारी मी आईला माझ्या ओमानच्या नंबरवरून फोन केला, तेव्हा ती म्हणाली होती, "अरे, तुझा फोन लागतच नाही. कोणीतरी बाई म्हणते, असा नंबरच नाही." मी म्हटलं, "नेटवर्क असेल." नेटवर्क असेल म्हटलं की वडीलधाऱ्यांचं समाधान होतं, हा माझा अनुभव होता.

मग एके दिवशी सकाळी ऑफिसला निघताना माझं व्हॉट्सॲप बंद पडलं. ते त्या जुन्याच नंबरावर होतं. पडद्यावर सूचना आली की हा नंबर आता या फोनवर नोंदवलेला नाही, पुन्हा नोंदवायचा असेल तर ओटीपी टाका. मी खणाकडे धावलो. ओटीपी नाही. सिम काढलं, फुंकलं, शर्टाला पुसलं, पुन्हा घातलं. आमची मुलगी वल्लरी शाळेची बस पकडायच्या गडबडीत होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला, क्षणभर बघितला आणि परत दिला.

"बाबा, सिम डेड आहे. समबडी एल्स हॅज युअर नंबर."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... तो नंबर आता तुझा नाही आहे. दुसऱ्या माणसाचा आहे." मराठी शब्द शोधून शोधून एवढं बोलली आणि सँडविच घेऊन गेली. इतकी वाईट बातमी इतक्या निर्विकारपणे द्यायला या मुलांना शाळेत शिकवतात की काय कोण जाणे.

मी अर्थात विश्वास ठेवला नाही. आठ-दहा दिवस सिम फुंकत आणि पुसत काढले. रुवीत ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक मल्याळी मोबाइलवाला आहे, त्याच्याकडे गेलो. त्याने सिम हातात घेऊन उजेडात धरलं आणि हिंदीत म्हणाला, "साब, ये खलास." मी विचारलं, काही उपाय? तो म्हणाला, "नया लेलो." मी म्हटलं, मला नवं नको, हेच हवंय. त्याने माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं ती मला अजिबात आवडली नाही. शेवटी त्याने साधी गोष्ट सुचवली, जी मला सुचायला हवी होती पण रागामुळे सुचली नव्हती. तो म्हणाला, त्या नंबरला फोन तर लावून बघा.

मी दुकानाबाहेर येऊन स्वतःच्याच नंबरला फोन लावला. रिंग वाजली आणि लगेच उचलला गेला. आधी घुंगरं ऐकू आली. मग आवाज.

"हॅलो! बोला की!"

"कोण बोलतंय?" मी दरडावून विचारलं.

"मी भिकाजी. तुम्ही कोण?"

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "हा माझा नंबर आहे."

"असं व्हय! म्हंजे तुम्ही मस्कतचे प्रसादसाहेब!" त्याला इतका आनंद झाला की मी फोन कानापासून लांब धरला. "वाटच बघत हुतो तुमची. अवो, लई फोन येत्यात तुमचे. ब्यांकेचे, गॅसचे. एक बाई रोज इचारती, कर्ज पायजे का. म्या म्हटलं, साहेबास्नी इचारून सांगतो."

भिकाजीचं गडहिंग्लजला एसटी स्टँडसमोर रसवंतीगृह होतं. नवं सिम घ्यायला गेला, दुकानदाराने माझा नंबर त्याच्या हातात ठेवला. "नंबर चांगला हाय म्हणाला, लक्षात ऱ्हायाला सोपा." मला तळपायाची आग मस्तकात गेल्यासारखं झालं. मी तो नंबर मुंबईत पहिली नोकरी लागली तेव्हा घेतला होता. लग्नाच्या पत्रिकेत तो होता. आणि आता तो उसाच्या चोथ्याशेजारी पडून होता.

"हे बघा," मी म्हटलं, "माझी आई तुम्हाला चुकून फोन करेल. तिला तो माझाच नंबर वाटतो. तुम्ही उचलू नका. म्हातारी आहे, तिचा गोंधळ होईल."

यंत्र थांबलं. घुंगरंही थांबली.

"आईसाहेब व्हय? त्यांचा तर रोज येतोय की. दिवेलागणीला. पहिल्या दिवशीच सांगितलं म्या, मी न्हवं तुमचा मुलगा, चुकीचा नंबर लागलाय. तर म्हणाल्या, बरं, मग तू कोण?"

"मग?"

"मग काय, सांगितलं कोण ते. मग म्हणाल्या, आलं घालतोस का रसात?"

मी फोन ठेवला. रुवीतल्या भर उन्हात त्या गल्लीत उभा राहून मी विचार करत होतो की चिडायचं नक्की कशावर. दिवेलागणीला मी ऑफिसात असतो. मिरजेत अंधार पडतो तेव्हा इथे अजून टळटळीत ऊन असतं. याला मी काय करणार? आणि खणातला फोन वाजला तरी ऐकू येत नाही, कारण तो सायलेंटवर. शुक्रवारी मी तिला न चुकता फोन करतो. म्हणजे सहसा न चुकता.

प्रेमाला फोन केला तर ती वेगळ्याच सुरात. "दादा, किती छान वाटतंय अरे तू हल्ली ग्रुपवर बोलतोस ते!" आमच्या नातेवाइकांचा 'आपली माणसं' नावाचा ग्रुप आहे. त्यात मी वर्षानुवर्षं पूर्ण प्रतिष्ठेने गप्प होतो. आता कळलं की माझ्या नंबराबरोबर ग्रुपही भिकाजीकडे गेला होता. कोणी सकाळी एक फूल पाठवलं तर तो दोन पाठवत होता. कोणाचा वाढदिवस असला की केक, कोणाला ताप आला की हात जोडलेले. मामांनी लिहिलं होतं, "प्रसाद माणसात आला." त्याखाली भिकाजीने अंगठा दिला होता.

"अगं, पण फोटोच्या जागी ऊस होता ना! कोणाला काही वाटलं नाही?"

"मला वाटलं, तुला डॉक्टरांनी रस प्यायला सांगितलाय," प्रेमा म्हणाली. ही माझी सख्खी बहीण आहे.

मी ग्रुपमधून त्याला काढायला लावलं. माझ्या ओमानी नंबरावरून मी आत शिरलो. दुसऱ्या दिवशी मामांचा निरोप आला: "आधीचा प्रसाद बरा होता." त्यावर बाकीच्यांनी हसण्याची चित्रं टाकली. मी उत्तर दिलं नाही. प्रतिष्ठा म्हणून काही असते.

मग आईच्या फोनमधला नंबर बदलायचं ठरवलं. प्रेमा बेंगळुरूहून, मी मस्कतहून, दोघं मिळून आईला सांगत होतो की फोटो दाबून धर, मग पेन्सिलचं चित्र दिसेल. आई म्हणत होती, "कुठलं? हे हिरवं? गेलं बघ ते." आम्ही घसा बसेपर्यंत सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "मला बाई हे जमायचं नाही. उगाच नादुरुस्त व्हायचा फोन." म्हणजे बटण बदलत नाही. तर मग नंबरच परत मिळवायचा. माझ्यापुढे दुसरा रस्ताच उरला नाही.

वरच्या मजल्यावर मुस्तफाभाई राहतात. रत्नागिरीचे, रुवीत स्पेअर पार्टचं दुकान. संध्याकाळी जिन्यात भेटले तर माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं.

"प्रसादभाय, काय झालां? बीपी वाढला काय?"

सगळं सांगितलं. त्यांनी डोळे बारीक केले. "तुमी माझां आयका. त्याला डरवा. सांगा, हा नंबर आमच्या अर्बाबचा हाय. दोन दिवसांत आणून देल."

"मुस्तफाभाई, तो गडहिंग्लजला बसलाय. अर्बाब म्हणजे इथला मालक, हे त्याला काय माहीत?"

"मंग त्याला इकडे बोलवा, व्हिजा काढून. मंग डरवा." यल्ला, म्हणजे चला, असं म्हणून ते वर निघून गेले. त्यांना वाटलं, प्रश्न सुटला.

शुक्रवारी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात अनय जोगळेकर भेटला. मदिनत सुलतान काबूसला राहतो, कॉम्प्युटरमधला आहे आणि पुण्याचा आहे. त्याचं प्रत्येक वाक्य "खरं म्हणजे" ने सुरू होतं. "खरं म्हणजे तू नंबर पोर्ट करून ठेवायला हवा होतास. खरं म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावायला हवं होतंस. खरं म्हणजे बँकेत ईमेल ओटीपीचा अर्ज..." मी विचारलं, "आता काय करू?" तो थोडा गोंधळला. आता काय करायचं या विषयाचा त्याचा अभ्यास नव्हता. मग म्हणाला, "खरं म्हणजे, कंपनीकडे रीतसर तक्रार कर."

तक्रार! ही कल्पना मला आवडली. चिडलेल्या माणसाला तक्रार फार आवडते. कंपनीची वेबसाइट उघडली, तक्रारीचं पान सापडलं. 'ज्या नंबराबद्दल तक्रार आहे तो नंबर टाका.' टाकला. 'या नंबरावर ओटीपी पाठवला आहे. तो टाका.'

तो ओटीपी अर्थात भिकाजीकडे गेला होता. मग निरुपाय म्हणून फोन लावला. घुंगरं.

"बोला की साहेब!"

"एक ओटीपी आलाय का तुम्हाला?"

"आलाय की. आत्ताच टिंग वाजलं. कशाचा हाय?"

मी खोटं बोलत नाही. निदान इतक्या सहज बोलत नाही. म्हटलं, "तक्रारीचा."

"कुणाच्या?"

"तुमच्या."

"आस्सं. घ्या लिवून मग." आणि त्याने एकेक आकडा सावकाश, दोनदा सांगितला. शेवटी म्हणाला, "नीट टाका, न्हायतर परत करायला लागंल."

त्यानंतर सुरू झाला तो छळ मी शत्रूवरही चिंतणार नाही. कंपनी मला काहीच कळवत नव्हती. सगळं ती तक्रारदाराच्या नोंदणीकृत नंबरावर कळवत होती, म्हणजे भिकाजीला. आणि भिकाजी मोठ्या निष्ठेने मला फोन करत होता. ऑफिसात मीटिंग चालू असली, तरी टेबलावर फोन थरथरायला लागायचा.

"साहेब, तुमची माझ्याविरुद्धची तक्रार वरच्या हापिसात गेली बघा. अभिनंदन."

"साहेब, मेसेज आलाय, तुमच्या तक्रारीला आम्ही प्राधान्य देत आहोत. आता त्यांना सोडू नगा."

मी म्हणायचो, बरं. दुसरं काय म्हणणार? त्या माणसावर ओरडावं तर तो माझ्याच बाजूने होता. ज्याच्याविरुद्ध भांडायचं तोच आपला वकील असला की भांडणाची सगळी मजा जाते, उरतो तो नुसता राग, आणि तो कुठे ठेवायचा कळत नाही. मी तो घरी आणून सुचित्रावर काढला. तिने तो मिक्सरच्या आवाजात ऐकूनच घेतला नाही.

शेवटी एके दिवशी त्याचा फोन आला तेव्हा आवाज फारच प्रसन्न होता.

"साहेब, मिटलं बघा."

"काय मिटलं? नंबर मिळाला?"

"ते न्हाय माहीत. पर कंपनीचा फोन आलता. बाई म्हणाली, आमच्या सेवेबद्दल समाधानी असाल तर एक दाबा. म्हटलं, आपल्याला काय, आपली काय बी तक्रार न्हाय. दाबला एक. लगीच मेसेज आला: ग्राहक समाधानी असल्यामुळे तक्रार बंद करण्यात येत आहे. धन्यवाद."

मी ऑफिसात खुर्चीवरून उठून उभा राहिलो आणि मराठीत, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, "मी समाधानी नाही! कोणी सांगितलं मी समाधानी आहे? मी अजिबात, अजिबात समाधानी नाही!" आमच्या ओमानी साहेबांनी केबिनचं दार किलकिलं करून माझ्याकडे पाहिलं, हलकेच "इन्शाल्ला खैर" म्हणाले आणि दार लावून घेतलं. पलीकडे भिकाजी म्हणत होता, "मग पुन्ना करू की साहेब. टाका तक्रार. ओटीपी मी देतो."

पुन्हा टाकली. या वेळी त्याला शपथ घातली की काहीही दाबायचं नाही. अखेर कंपनीतल्या कोणा हाडामासाच्या माणसाने उत्तर दिलं. सध्याचा ग्राहक स्वखुशीने नंबर सोडायला तयार असेल तर तो मूळ ग्राहकाला देता येईल. मी देवाचे आभार मानले आणि भिकाजीला विचारलं. तो एका दमात म्हणाला, "नंबर काय साहेब, घ्या की! मला काय, दुसरा मिळंल." इतके महिने मी ज्याच्यावर दातओठ खात होतो तो माणूस असा निघाला, याचाही मला राग आला. पण तो आनंदातला राग होता. मी जाहीर केलं की येत्या सुट्टीत मी स्वतः मिरजेला जाऊन आईला माझा फोन लावून दाखवीन. सुचित्राने खणातला जुना फोन काढून पुसून चार्जिंगला लावला. आमच्या घरात यापेक्षा मोठा तह कधी झालेला नाही.

दोन दिवसांनी भिकाजीचा फोन आला. घुंगरं नव्हती. यंत्र बंद ठेवून फोन केला होता.

"साहेब, एक अडचण झाली. आईसाहेब नगं म्हणत्यात."

"काय नको म्हणतात?"

"नंबर द्यायला. म्हणाल्या, सोडायचा न्हाय. आता मी काय करू सांगा. तुमचं ऐकू का त्यांचं?"

मी तिथल्या तिथे आईला फोन लावला. शुक्रवार नव्हता, त्यामुळे ती घाबरली. "काय झालं रे? सगळे बरे आहात ना?"

"आई, भिकाजीला तू नंबर सोडू नको म्हणालीस?"

"हो."

"अगं, तो माझा नंबर आहे!"

"होता," आई म्हणाली.

"आणि तुला माझ्याशी बोलायचं असलं तर?"

"तुझ्याकडे तिकडचा नंबर आहे ना? मग त्यावरून तू मला लाव. हा मला लावायला राहू दे. तो उचलतो रे." ती अगदी साध्या आवाजात बोलत होती. "आधी लावायचे तेव्हा नुसता वाजत राहायचा. सुचित्रा म्हणाली होती एकदा, मिक्सरच्या भांड्यांत असतो म्हणून. आता परत तिथेच ठेवणार ना तुम्ही?"

चार्जिंगला लावलेला फोन माझ्या समोर होता. मी म्हटलं, "ते ठेवण्याचं नंतर बघू. पण तुला तर नंबर बदलता येत नाही, फोटो माझा आणि माणूस भलताच, हा काय प्रकार आहे? लोकांना काय सांगशील?"

"फोटो बदललाय की. त्याने पाठवला होता दुकानासमोरचा, तो लावलाय."

"कोणी लावून दिला?"

"मीच. पेन्सिल दाबायची असते."

"आणि माझा?"

"आहे ना. दुसऱ्या पानावर. बोटाने सरकवलं की दिसतोस."

मी फार चिडलो. आईवर, भिकाजीवर, कंपनीवर, त्या खणावर. कोणावर जास्त, हे सांगता येत नव्हतं आणि त्यामुळे आणखीच चिडलो. सुचित्रा समोर उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिने जुना फोन चार्जरवरून काढला आणि सायलेंटचं बटण उलटं केलं. सिम मेलेल्या फोनला आवाज देऊन काय उपयोग, असं मी म्हणणार होतो, पण म्हटलं नाही.

आता गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण परवाच्या शुक्रवारी मी फोन केला तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं तू लावलास. भिकाजीचं रिचार्ज संपत आलंय. त्याला सीझनमध्ये दुकान सोडून जाता येत नाही, आणि ते मोबाइलवरून करणं त्याला जमत नाही. तुला ऑनलाइनचं सगळं येतं. करून टाक. आणि वेळेवर कर, नाहीतर परत जायचा नंबर."

मी ताडकन म्हटलं, "मी करणार नाही. माझा नंबर त्याच्याकडे, माझी आई त्याच्याकडे, आणि रिचार्ज मी करू? ही कुठली रीत?"

"बरं," आई म्हणाली. "नको करूस." तिने असं म्हटलं की पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. लहानपणापासून उरलेलं नाही.

काल ऑफिसात थोडी सवड होती. मिरजेत दिवेलागण झाली असेल, इथे खिडकीबाहेर रुवीतली वाहनं उन्हात उभी होती. मी दात खात कंपनीचं पान उघडलं. माझा नंबर टाकला, म्हणजे त्याचा. वर्षभराचं रिचार्ज निवडलं, म्हणजे रोजची कटकट नको म्हणून. मग पान बदललं: 'सुरक्षेसाठी या नंबरावर ओटीपी पाठवला आहे.'

मी भिकाजीला फोन लावला. घुंगरं ऐकायची कानाने तयारी ठेवली होती. पण ती आली नाहीत. एक बाई शांतपणे म्हणाली, "आपण ज्या व्यक्तीला कॉल केला आहे ती व्यक्ती सध्या दुसऱ्या कॉलवर आहे. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा."

म्हणून मी आईला लावला. म्हटलं, भिकाजीला निरोप दे म्हणावं. तर तीच बाई, तेच वाक्य.

पडद्यावर ओटीपीची मुदत संपली. मी 'पुन्हा पाठवा' दाबलं आणि त्यांचं बोलणं संपायची वाट बघत बसलो.